वाशिम, कारंजा की समृद्धीच्या कडेला? गोदामाची जागा ठरवताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती काढली आहे, हिशोब जिथे तोंडी घाईत केला होता तिथे तो सावकाश मांडला आहे. बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या निरोपामुळे करतोय. हे भाऊ आपल्या वाशिम जिल्ह्यातलेच. बिस्किटं, साबण, खाद्यतेल अशा मालाची वितरणाची एजन्सी आहे. धाकट्या भावाचा खत-औषधांचा ठोक धंदा आहे. सध्या दोघांचा माल गावातल्या तीन वेगवेगळ्या भाड्याच्या खोल्यांत पडलाय. त्यांचा निरोप असा: "समृद्धीला लागून दोन एकर जागा मिळतेय. दलाल म्हणतो दोन वर्षांत भाव दुप्पट. येत्या सोमवारी इसार द्यायचा आहे. देऊ का?"

मी त्यांना फोन करून एवढंच म्हटलं, की भाऊ, सोमवार पुढे ढकला. का म्हटलं, ते आज सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कारंजा, शेलू बाजार, मालेगाव या पट्ट्यात असा निरोप मला बऱ्याच जणांकडून आलाय.

आधी समृद्धीचंच बोलू, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये. आपल्या जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. चढा-उतरायची ठिकाणं, म्हणजे इंटरचेंज, कारंजा, शेलू बाजार आणि मालेगाव अशी.

आता इथेच मेख आहे. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. तुमची जागा कुंपणाला लागून असली तरी तुमच्या फाटकातून गाडी थेट समृद्धीवर चढत नाही. ती गावरस्त्याने इंटरचेंजपर्यंत जाणार, टोलनाक्यातून आत शिरणार, मग धावणार. समजा तुमची जागा इंटरचेंजपासून १२ किलोमीटरवर आहे. तर प्रत्येक फेरीला येऊन-जाऊन २४ किलोमीटर गावरस्ता, तोही पावसाळ्यात. कुंपणापलीकडे ट्रक भरधाव जाताना दिसतील, हात केला तरी थांबणार नाहीत. "समृद्धी टच" हा शब्द जाहिरातीत छान दिसतो, पण गोदामाच्या दृष्टीनं जागा इंटरचेंजपासून किती अंतरावर आहे आणि मधला रस्ता कसला आहे, एवढंच विचारायचं. इंटरचेंजपासून दोन किलोमीटरवर, डांबरी रस्त्यावर, पण समृद्धी डोळ्यांना दिसतही नाही अशी जागा "टच" जागेपेक्षा कितीतरी बरी.

दुसरी गोष्ट. समृद्धीवर ट्रॅक्टर चालत नाही, दुचाकी चालत नाही, तीनचाकी चालत नाही. आपल्याकडे सोयाबीन-तूर कशातून येते? ट्रॅक्टर-ट्रॉलीतून. किराणा दुकानदार माल उचलायला कशातून येतो? निम्मे तीनचाकी मालवाहू घेऊन येतात. म्हणजे तुमच्या गोदामाकडे येणारा किंवा तिथून निघणारा छोटा माल जुन्याच रस्त्यांनी फिरणार आहे. समृद्धीचा उपयोग मोठ्या गाडीला, लांबच्या पल्ल्याला.

आणि टोल. सुरुवातीला दोन आसांच्या ट्रकला किलोमीटरमागे ५ रुपये ८५ पैसे होता, एप्रिल २०२५ पासून ६ रुपये ९७ पैसे झाला. नागपूरहून समजा २०० किलोमीटर माल आला, तर साधारण १,३९४ रुपये. दहा टन माल असेल तर टनाला १४० रुपये, ५० किलोच्या पोत्याला सात रुपये. परतीचा टोल ट्रान्सपोर्टवाला तुमच्याच भाड्यात लावणार हे वेगळं. साबण-शॅम्पूच्या खोक्यात सात रुपये दिसत नाहीत. पण सिमेंटच्या किंवा युरियाच्या पोत्यात सात रुपये म्हणजे ठोक व्यापाऱ्याचा जीव. वेळ वाचतो हे खरं, पण तुमच्या मालाला त्या वाचलेल्या दोन-तीन तासांची किंमत आहे का, हे आधी स्वतःला विचारा. भाजीला आहे, दुधाला आहे, औषधांना थोडी आहे. युरियाला नाही.

बरं, मग जागा ठरवायची कशी? एक साधी रीत आहे. मोठ्या कंपन्या हेच संगणकावर करतात, आपण वहीत करू. कोणत्या तालुक्यात आठवड्याला किती टन माल जातो ते लिहायचं. गोदाम जिथे घ्यायचं मनात आहे तिथून त्या तालुक्याचं अंतर लिहायचं. दोन्हींचा गुणाकार. सगळ्यांची बेरीज. जिथे बेरीज कमी तिथे रोजचा डिझेलचा खर्च कमी.

आपल्या श्रोत्यांचे खरे आकडे मी सांगणार नाही, पण समजुतीसाठी काल्पनिक घेऊ. वाशिमला आठवड्याला ३० टन, कारंज्याला २५, रिसोडला २०, मालेगाव आणि मंगरूळपीरला १५-१५, मानोऱ्याला १०. एकूण ११५ टन. अंतरं मी गोल आकड्यांत घेतोय, तुम्ही तुमच्या गाडीचा मीटर लावून मोजा.

गोदाम वाशिमला धरलं तर: वाशिम शून्य. रिसोड ४५ किलोमीटर गुणिले २०, म्हणजे ९००. मालेगाव २० गुणिले १५, ३००. मंगरूळपीर ४० गुणिले १५, ६००. कारंजा ७० गुणिले २५, १,७५०. मानोरा ६५ गुणिले १०, ६५०. बेरीज ४,२००.

आता नकाशा उघडून बघाल तर म्हणाल, मंगरूळपीर मध्यावर आहे, तिथेच घ्यावं. करून बघू. वाशिम ४० गुणिले ३०, १,२००. रिसोड ८५ गुणिले २०, १,७००. मालेगाव ४५ गुणिले १५, ६७५. कारंजा ३५ गुणिले २५, ८७५. मानोरा ३० गुणिले १०, ३००. मंगरूळपीर शून्य. बेरीज ४,७५०. म्हणजे मध्यावर असूनही वाशिमपेक्षा जास्त! कारण नकाशाचा मध्य आणि मालाचा मध्य एक नसतो. माल पश्चिमेकडे, वाशिम-रिसोडकडे जास्त झुकलेला आहे. कारंज्याला धरून केलं तर बेरीज ६,४०० च्या आसपास जाते. मी सगळं वाचून दाखवत नाही, वहीत करून बघा.

पण थांबा, एवढ्यावर वाशिमला जाऊन जागा घेऊ नका. या बेरजेत एक तालुका सगळं गणित बिघडवतोय तो दिसला का? कारंजा. ४,२०० पैकी १,७५० एकट्या कारंज्याचे. कारंजा वाशिम जिल्ह्यात आहे हे सरकारी कागदावर. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो इकडे आला. पण बाजाराच्या हिशोबाने कारंज्याचं तोंड मूर्तिजापूर, अमरावती, दारव्ह्याकडे आहे. तिथला दुकानदार खरेदीला वाशिमला येत नाही, अमरावतीला जातो. तसंच रिसोडचं तोंड मेहकर, सेनगाव, हिंगोलीकडे. वाशिमहून हिंगोली जवळपास ५० किलोमीटर, म्हणजे कारंज्यापेक्षाही जवळ, पण जिल्हा वेगळा, महसूल विभागही वेगळा. कंपन्या मात्र एजन्सी देताना जिल्ह्याची हद्द आखून देतात आणि आपण बिनतक्रार ७० किलोमीटर पिकअप पळवतो.

म्हणून माझा सल्ला असा होता: आधी कंपनीशी बोला. कारंजा-मानोरा सोडून त्याऐवजी हिंगोलीचा एखादा भाग मिळतो का बघा. नाहीच मिळाला तर कारंज्यात शंभर-दीडशे खोक्यांपुरती एक लहान खोली घ्या, आठवड्यातून एकदा मोठ्या गाडीने भरा, तिथून तीनचाकीने वाटा. मोठ्या गाडीला टनामागे किलोमीटरचा खर्च कमी येतो, लहान गाडीला जास्त. त्यामुळे मोठी गाडी ग्राहकाच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणायची आणि लहान गाडीचा पल्ला कमी ठेवायचा. वितरणाच्या धंद्यात गोदाम कारखान्याजवळ घेण्यापेक्षा दुकानाजवळ घेणं परवडतं ते यामुळेच. धान्यात उलटं. तिथे माल शेतातून येतो आणि मोठ्या गाडीने बाहेर जातो, त्यामुळे गोदाम शेताजवळ, बाजार समितीजवळ.

कारंज्याचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो, मला हा इतिहास आवडतो. नियंत्रित बाजारपेठ, म्हणजे नियमाने चालणारा कापसाचा बाजार, भारतात पहिल्यांदा कुठे झाला? १८८६ साली, कारंज्यात. तेव्हा वऱ्हाड हैदराबाद रेसिडेन्सीच्या कारभाराखाली होता. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला आणि आजच्या बाजार समित्यांची मुळं तिथे जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज आली, आपली शकुंतला. ती कारंज्यावरून जायची. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या लाइनने मुंबईला आणि जहाजाने इंग्लंडला. कारंज्यात जिनिंग, वखारी, अडती का जमल्या याचं उत्तर त्या रुळांत आहे. आज शकुंतला बंद आहे आणि ब्रॉडगेजसाठी कारंज्याला मूर्तिजापूर गाठावं लागतं. वाशिमला मात्र अकोला-पूर्णा ही ब्रॉडगेज आहे. म्हणजे शंभर वर्षांत रेल्वेच्या बाबतीत पारडं पूर्ण फिरलं, आणि आता समृद्धीने रस्त्याच्या बाबतीत ते परत थोडं कारंज्याकडे झुकवलंय.

असंच भिवंडीचं. भिवंडीत एवढी गोदामं का? मुंबई जवळ, हे एक. पण मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. भिवंडी हद्दीबाहेर होती. माल भिवंडीत उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. जकात गेली, २०१७ ला जीएसटी आला, तरी भिवंडी टिकली, कारण तोवर तिथे रस्ते, हमाल, ट्रान्सपोर्ट, गोदामवाले सगळं जमून बसलं होतं. जीएसटीने दुसरीकडे मात्र मोठा फरक केला. आधी परराज्यातली विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा, तो टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात एक गोदाम ठेवायच्या. ती गरज संपली. आता कंपनी चार राज्यांचं एक मोठं गोदाम करते, आणि त्यात नागपूरचं नाव पुढे येतं. त्यामुळे आपल्या वाशिममध्ये मोठी कंपनी येऊन लाखभर चौरस फुटांचं गोदाम बांधेल या आशेवर जागा धरून बसू नका. आपलं स्थान जिल्ह्याच्या वितरणाचं आणि शेतमालाच्या साठवणुकीचं आहे, आणि त्यातही चांगला धंदा आहे.

आता वाशिम की मालेगाव, हा खरा पेच. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ मालेगाववरून जातो. नागपूर-कारंजा-शेलू बाजार-मालेगाव-मेहकर हा जुना रस्ताही मालेगावातच येतो, आणि वर समृद्धीचं इंटरचेंज. म्हणजे मालेगाव हा चौक आहे. वाशिमपासून २०-२२ किलोमीटर. अकोल्याचा माल आधी मालेगावला लागतो. मग तिथे का नको? मालेगावचं गणित मी केलं तर बेरीज वाशिमपेक्षा थोडी जास्त येते, पण फार नाही, आणि जागेचा भाव कमी असेल तर ते भरून निघू शकतं. मालेगावला जे कमी पडतं ते कागदावर दिसत नाही: संध्याकाळी सहाला अचानक गाडी आली तर चार हमाल मिळतात का? गाडीचा पाटा तुटला तर गॅरेज? बँकेचं काम, जीएसटीचा सल्लागार, कंपनीचा माणूस मुक्कामाला आला तर लॉज? वाशिमला हे सगळं आहे. हमालांचं तर विसरूच नका. माथाडी-हमालांसाठी राज्यात १९६९ चा कायदा आहे, ते बाजाराच्या ठिकाणी टोळीनं असतात, त्यांची हमाली ठरलेली असते. शेताच्या मध्यात गोदाम बांधलं तर रोज त्यांना आणायला-सोडायला गाडी लागते.

यात माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नऊ-दहा वर्षांपूर्वी मी गावाबाहेर स्वस्तात एक गोदाम भाड्याने घेतलं होतं. उन्हाळ्यात बघितलं, झकास. मुख्य रस्त्यापासून फक्त दीडशे मीटर आत. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि माझी भरलेली गाडी त्या दीडशे मीटरमध्ये रुतली. दोन दिवस. शेवटी डोक्यावर खोकी वाहून आणली आणि निम्मी भिजली. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी, तिला भेगा पडतात, पावसात फुगते. रस्त्याचं जे होतं तेच पायाचं होतं. काळ्या मातीवर मुरूम न भरता, पाया पुरेसा खोल न नेता गोदाम उठवलं की दोन पावसाळ्यांत फरशी उचलते, भिंतीला चीर जाते. त्यामुळे जागेचा भाव विचारताना मुरूमभरणीचा आणि पोचरस्त्याचा खर्च त्यात मिळवूनच तुलना करा. आणि जागा बघायला जायचं तर भर पावसाळ्यात. मालक उन्हाळ्यातच दाखवायला उत्सुक असतो.

जोता मात्र उंच घ्या. ट्रकचा फाळका साधारण चार फुटांवर असतो. जोता त्या उंचीचा असेल तर पोतं सरळ आत सरकतं, आणि पाणीही शिरत नाही.

आता त्या दोन भावांच्या बाबतीत जी गोष्ट दलालाने सांगितली नाही आणि त्यांच्याही लक्षात आली नव्हती. थोरल्याची बिस्किटं आणि धाकट्याची कीटकनाशकं एकाच छताखाली ठेवायची होती. हे चालत नाही, भाऊ. खाद्यपदार्थांचा परवाना त्या-त्या जागेचा असतो, कीटकनाशकांच्या परवान्यातही साठवणुकीची जागा लिहिलेली असते. खताचं तसंच. वास लागलेला बिस्किटांचा एक लॉट परत आला तर एजन्सी जाते, आणि कुणाच्या पोटात काही गेलं तर मग बोलायलाच नको. मधे भिंत घालून भागेल म्हणणारे भेटतील. दोन स्वतंत्र इमारती, स्वतंत्र दारं, हेच बरोबर. मग दोन गोदामं वेगवेगळीच असणार असतील तर ती एकाच प्लॉटवर कशाला? थोरल्याचं गोदाम वाशिम शहराच्या कडेला, दुकानांजवळ. धाकट्याचं बाजार समितीच्या किंवा रेल्वे मालधक्क्याच्या बाजूला, जिथे शेतकरी तसाही येतो.

धाकट्याला आणखी एक फायदा आहे. खत-बियाण्याचं गोदाम मार्च ते जुलै भरलेलं असतं आणि ऑक्टोबरला सोयाबीन निघतं तेव्हा रिकामं. सोयाबीनला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागेची मारामार असते, कारण सगळेच एकदम कापतात, भाव पडतो, ज्याला थांबता येतं तो थांबतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिने कर्ज मिळतं. राज्य वखार महामंडळाची गोदामं आहेत, १९५७ पासूनची संस्था. गोदाम वखार नियामक प्राधिकरणाकडे नोंदवलेलं असेल तर त्याच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवरही बँक कर्ज देते. खाजगी गोदामवाल्यालाही ही नोंदणी करता येते. मात्र खत काढून जागा नीट धुऊन, वाळवून, मगच धान्य. आणि ओल बघून घ्या, १२ टक्क्यांवरचं सोयाबीन थप्पी लावून ठेवलं की आत गरम होतं, बुरशी येते.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबारा बघा, तो एकटा पुरत नाही, पोचरस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे ते मोजणी करून बघा. अकृषिक परवानगीचं काय ते वकिलाकडून लेखी घ्या. समृद्धीच्या इंटरचेंजजवळ नवनगरं उभारायची योजना आहे, तुमचा गट नंबर तशा अधिसूचित क्षेत्रात येतो का ते रस्ते विकास महामंडळाकडे विचारा, कारण आला तर बांधकामाची परवानगी कुठून घ्यायची आणि काय बांधता येईल हे दोन्ही बदलतं. नवनगर होणार म्हणून आज जास्तीचा भाव देऊ नका. गोदाम घेतलं की जीएसटी नोंदणीत ती जागा अतिरिक्त ठिकाण म्हणून घाला, नाहीतर पहिल्याच तपासणीत माल अडकतो. विम्यातही तोच पत्ता पाहिजे.

आणि विकत घेण्याआधी त्या भागात एक वर्ष भाड्याने राहून बघा. भाडं वाया जातं असं वाटतं, पण त्या वर्षात एक पावसाळा, एक दिवाळी आणि एक सोयाबीनचा हंगाम तुमच्या डोळ्यांसमोरून जातो.

तर आपल्या श्रोत्यांनी सोमवारचा इसार दिला नाही. दलाल रागावलाय. मी त्यांना एक काम लावलंय: पिकअपच्या ड्रायव्हरला एक वही द्यायची, पंधरा दिवस रोज निघताना आणि परत येताना मीटर, कुठे किती खोकी उतरवली आणि कुठे किती वेळ थांबला, एवढंच लिहायचं. वही आली की त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता, खऱ्या आकड्यांवर बेरीज करून पुढच्या महिन्यात ऐकवतो. तुमच्यापैकी कुणी अशी वही ठेवत असेल तर तिचा फोटो पाठवा, मालेगाव आणि शेलू बाजारच्या मंडळींनी तर जरूर.